संतापाचा हक्क: फँटसी खेळांतल्या लढवय्या स्त्रियांची पन्नास वर्षं

फँटसी रोल-प्लेइंग खेळांत बार्बेरियन हा एक लाडका क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, आहे. रानटी टोळीत वाढलेला, शहरी रीतिभाती न मानणारा, अंगावर जेमतेम चिलखत आणि हातात भलीमोठी कुऱ्हाड घेतलेला योद्धा. त्याची खरी ताकद मात्र कुऱ्हाडीत नसते, संतापात असते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हे आकड्यांत मांडलेलं आहे. खेळाडूने ‘रेज’ म्हटलं की पात्राचं बळ ४ ने वाढतं, काटकपणा ४ ने वाढतो आणि बचाव २ ने घसरतो. संतापलेला माणूस जास्त जोरात मारतो, जास्त सोसतो आणि स्वतःला कमी जपतो. नियम साधा आहे, आणि माणसाच्या स्वभावाशी इमानही राखणारा आहे.

आता हेच पात्र बाईचं असेल तर? तिला तेवढंच बळ द्यायचं का, तिचं चित्र कसं काढायचं आणि तिला राग कशाचा येतो, हे तीन प्रश्न ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला त्या १९७४ पासून या खेळांच्या मागे लागलेले आहेत. आकड्यांचा प्रश्न टेबलावरच्या खेळात पंधरा वर्षांत मिटला. चित्राचा निम्मा सुटला आणि निम्मा तसाच राहिला. गोष्टीचा, म्हणजे तिच्या रागाच्या कारणाचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता, आणि त्याला आत्ता कुठे नीट हात घातला जातोय. माझ्या मते खरी कसोटी तीच आहे.

खेळाच्या आधीच्या बायका

या खेळांची मुळं १९३० च्या दशकातल्या अमेरिकन स्वस्त मासिकांत आहेत. रॉबर्ट ई. हॉवर्डचा कोनन ‘विअर्ड टेल्स’मध्ये १९३२ साली अवतरला आणि बार्बेरियनचा साचा त्याच्यावरून पडला. हॉवर्डच्या कथांत लढणाऱ्या बायकाही होत्या. १९३४ च्या कथेतली चाचेराणी बेलित आणि १९३६ च्या कथेतली तलवारबाज व्हॅलेरिया या दोघी कोणाच्या आडोशाला उभ्या राहणाऱ्या नव्हत्या. तरी कथा कोननचीच राहिली.

स्वतःच्या कथेची मालकीण असलेली योद्धा आणली ती कॅथरीन लुसिल मूर या लेखिकेने. ऑक्टोबर १९३४ च्या ‘विअर्ड टेल्स’मध्ये तिची जिरेल ऑफ जॉयरी पहिल्यांदा आली. किल्ला पडलेला आहे. विजेत्यासमोर चिलखतातला एक कैदी आणला जातो, शिरस्त्राण काढलं जातं आणि आत बाई निघते. पुढची सगळी कथा या बाईच्या संतापावर चालते. विजेत्याचा सूड घेता येईल असं शस्त्र मिळवायला ती थेट पाताळासारख्या एका जगात उतरते. शेवट गुंतागुंतीचा आहे, तिच्या रागाची मोठी किंमत तिला मोजावी लागते. पण तो राग तिचा आहे, इतर कोणाच्या कथेला लागलेली ती फोडणी नाही.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा एक जनक गॅरी गायगॅक्स याने १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’ला ‘अपेंडिक्स एन’ नावाची यादी जोडली. ज्या लेखकांमुळे हा खेळ सुचला, त्यांची ही यादी. त्यात हॉवर्ड आहे, ली ब्रॅकेट आणि आंद्रे नॉर्टन या लेखिकाही आहेत. मूर नाही. एका यादीतून एक नाव सुटलं एवढ्यावरून कोणावर आरोप करायचा नाही. पण खेळाने कोननचा राग उचलला आणि जिरेलचा मागे राहिला, हे पुढच्या इतिहासात सतत जाणवत राहतं.

५० आणि १००

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७४ च्या मूळ संचातल्या पहिल्या पुस्तिकेचं नाव ‘मेन अँड मॅजिक’ होतं आणि लढवय्याच्या क्लासचं नाव ‘फायटिंग मॅन’. दोन वर्षांनी ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या तिसऱ्या अंकात लेन लाकोफ्का याने स्त्री पात्रांसाठी वेगळे नियम सुचवले. इतर पात्रांचं बळ सहा बाजूंच्या तीन फाशांवर ठरे, म्हणजे जास्तीत जास्त १८. बाईसाठी एक आठ बाजूंचा आणि एक सहा बाजूंचा फासा, म्हणजे जास्तीत जास्त १४. व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाऐवजी तिला सौंदर्याचा आकडा मिळणार होता. ही सूचना खेळाचा अधिकृत नियम झाली नाही, पण हवा कुठली होती ते तिच्यातून कळतं.

अधिकृत नियम आला १९७८ मध्ये, ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये. तो नीट पाहण्यासारखा आहे. लढवय्याला बळात १८ पडले की तो आणखी शंभराचा फासा टाकी आणि त्याच्या बळापुढे तो आकडा लागे. मानवी पुरुषाला पूर्ण शंभरपर्यंत मुभा होती. मानवी स्त्रीला पन्नासपर्यंतच. शंभरवाल्याला नेम धरताना ३ ची आणि घाव घालताना ६ ची भर मिळे, तर पन्नासवालीला १ आणि ३ ची. हाफलिंग या बुटक्या वंशातल्या पुरुषाचं बळ १७ पर्यंत जाई, हाफलिंग स्त्रीचं १४ वर थांबे. ड्वॉर्फ वंशातल्या बायकांना १७ च्या पुढे मज्जाव होता.

गणित केलं तर आणखी एक गोष्ट दिसते. तीन फासे एकदा टाकून १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये १. चार फासे टाकून सगळ्यांत लहान आकडा वगळायची उदार पद्धत वापरली, तरी साधारण ६२ मध्ये १. त्यानंतर शंभराच्या फाशावर पन्नासच्या वर पडलं, तरच मानवी स्त्रीला या मर्यादेचा फटका बसणार. म्हणजे बहुतेक टेबलांवर हा नियम वर्षानुवर्षं लागूच पडला नसेल. खेळाचा तोल सांभाळायला त्याची गरज नव्हती. तरीही तो पुस्तकात छापलेला होता आणि पात्र बनवायला बसलेली प्रत्येक मुलगी तो वाचत होती. नियमाचं काम निकाल ठरवण्याचं असतं, तसंच ‘तुझी जागा इथवर’ हे सांगण्याचंही असतं. या नियमाने दुसरं काम चोख केलं.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा काढून टाकली. त्याने खेळ बिघडला नाही. संगणकावरच्या खेळांत हा भेद जास्त टिकला. ‘मॉरोविंड’ आणि ‘ऑब्लिव्हियन’मध्ये, म्हणजे २००२ आणि २००६ मध्येही, काही वंशांच्या स्त्री-पुरुषांचे सुरुवातीचे गुण वेगवेगळे होते. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये ते गेले. आज ‘पाथफाइंडर’ हा खेळ असो की ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, पात्र स्त्री आहे म्हणून एकही आकडा बदलत नाही.

वास्तवाचा मुद्दा

या मर्यादेचं समर्थन तेव्हाही एकाच शब्दात व्हायचं आणि आजही होतं: वास्तव. सरासरी पुरुषाची स्नायूंची ताकद सरासरी स्त्रीपेक्षा जास्त असते, हे खरंच आहे. ते नाकारायचं कारण नाही. पण सरासरी माणसाचं पात्र कोणीच बनवत नाही. खेळाडू एक विशिष्ट माणूस घडवतो, लाखांत एखादा असा. लाखांत एखादी अशी बाई घडवायला सरासरीची आडकाठी का असावी, याचं उत्तर वास्तवाचा आग्रह धरणाऱ्यांकडे नसतं.

शिवाय त्यांच्या डोक्यातलं वास्तवही बरेचदा सिनेमातलं असतं. मध्ययुगीन युरोपातल्या दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरतं. ती पेलायला राक्षसी दंड लागत नाहीत, सराव, पदन्यास आणि दम लागतो. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कसाठी तूर शहरात पोलादी चिलखत बनवलं गेलं आणि ते घालून ती लढाईत उतरली. स्वीडनमधल्या बिर्का इथे १८७८ मध्ये एक थडगं उकरलं गेलं. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण आणि दोन घोडे त्यात होते, आणि ते एका योद्ध्या पुरुषाचं आहे असं शंभराहून अधिक वर्षं गृहीत धरलं गेलं. २०१७ मध्ये हाडांतल्या डीएनएवरून ती स्त्री असल्याचं प्रसिद्ध झालं. ती प्रत्यक्ष लढली का, यावर अभ्यासकांत वाद झाला. तो व्हायलाच हवा. पण हाडं पुरुषाची आहेत असं मानलं जात होतं, तेव्हा हा प्रश्न इतक्या जोराने कोणी विचारला नव्हता. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याची स्त्रियांची पलटण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फ्रेंच फौजेशी लढली, त्याबद्दल तर वादच नाही.

चिलखत कोणासाठी?

चित्रांचा इतिहास रेड सोन्यापासून सांगायला हवा, कारण लढवय्या बाईचं चित्र काढणाऱ्या दोन पिढ्यांसमोर तीच होती. हॉवर्डच्या १९३४ च्या कथेतली मूळ सोन्या १५२९ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात पिस्तुलं आणि तलवार घेऊन लढते, अंगभर कपडे घालून. तिच्यावरून रॉय थॉमस आणि बॅरी विंडसर-स्मिथ यांनी १९७३ मध्ये मार्व्हलच्या कोनन कॉमिकसाठी रेड सोन्या घडवली. तेव्हाही तिच्या अंगात साखळ्यांचा सदरा होता. नंतर स्पॅनिश चित्रकार एस्तेबान मारोतो याने तिला धातूच्या चकत्यांची बिकिनी चढवली आणि तोच तिचा गणवेश झाला. पुढे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, खेळांच्या खोक्यांवर आणि सेगाच्या १९८९ च्या ‘गोल्डन ॲक्स’मधल्या टायरिस फ्लेअरच्या अंगावर हेच वस्त्र दिसत राहिलं.

कोननही उघडाच असतो, असं यावर म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कोननचं उघडं अंग त्याची ताकद दाखवतं. खेळाडूला आपण तो व्हावं असं वाटावं म्हणून ते तसं काढलेलं असतं. सोन्याचं उघडं अंग बघण्यासाठी काढलेलं असतं. छातीच्या आकाराचे दोन उंचवटे काढलेल्या पोलादी चिलखताबद्दल तर कारागिरीचाच आक्षेप आहे. चिलखताचा फुगीर आकार घाव बाजूला सरकवण्यासाठी असतो. दोन उंचवट्यांमधली खाच तोच घाव छातीच्या मधल्या हाडावर आणून सोडते. अशा चिलखताने तिचं रक्षण होत नाही, चित्रकाराची सोय होते.

वेगळी वाटही पहिल्यापासून होती. १९७८ च्या ‘रुनक्वेस्ट’ या खेळाच्या मुखपृष्ठावर एक स्त्री योद्धा आहे. हा खेळ ग्रेग स्टॅफर्डने रचलेल्या ग्लोरांथा या जगात घडतो, आणि तिथे लढणाऱ्या बायकांना रीतसर जागा आहे. वादळदेव ऑरलांथची कन्या विंगा हिला मानणाऱ्या बायका शस्त्र घेतात आणि केस लाल रंगवतात. बाबीस्टर गोर ही कुऱ्हाडधारी देवी आणि तिच्या भक्त स्त्रिया भूमातेच्या देवळांची राखण करतात. इथे लढणारी बाई हा अपवाद नाही. गाव तिला ओळखतं, तिचा आचार ठरलेला असतो आणि तिच्या रागालाही एक पद असतं. नुसता नियम समान करून हे साधत नाही. त्यासाठी सगळं जग वेगळं कल्पावं लागतं.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची चित्रं सुधारली ती २००० पासून, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हा बदल ठसठशीत झाला. मानव वंशाची ओळख करून देणाऱ्या पानावर चिलखतातली एक कृष्णवर्णीय स्त्री उभी आहे. तरी निम्मं काम बाकी आहे. बार्बेरियन पुरुष म्हातारा, टकला, ढेरपोट्या, तुटक्या नाकाचा असा कसाही चालतो. बाईच्या गालावर व्रण काढायचाच झाला, तर तो बेताचा आणि शोभेल असा काढतात. पन्नाशीची, जाड कमरेची, दात पडलेली बार्बेरियन बाई अजून दुर्मीळच आहे.

धनुष्य तिला, कुऱ्हाड त्याला

आकडे समान झाल्यावरही कामांची वाटणी असमान राहिली. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वर १९८३ मध्ये दूरचित्रवाणीसाठी व्यंगपटमालिका आली. त्यात सहा मुलं जादूच्या जगात पोचतात आणि प्रत्येकाला एक क्लास मिळतो. शीलाला अदृश्य करणारी शाल मिळते आणि डायना कसरतपटू होते. बार्बेरियनचा सोटा मिळतो बॉबीला, सगळ्यांत लहान मुलाला. दोन मोठ्या मुली हाताशी असताना संतापाचं शस्त्र एका पोरसवद्या मुलाच्या हाती गेलं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’ कादंबरीमालेत गोल्डमून ही रानटी टोळीच्या सरदाराची मुलगी आहे. ती पुढे देवीची उपासक होऊन जखमा बऱ्या करते, आणि लढायचं काम तिच्या प्रियकराकडे जातं.

‘डायब्लो’ या संगणकावरच्या खेळातही हाच नमुना दिसतो. पहिल्या भागातल्या एकमेव स्त्री पात्राचा, रोगचा, हातखंडा धनुष्याचा. २००० च्या दुसऱ्या भागात ॲमेझॉन आली, धनुष्य आणि भालाफेकीत तरबेज. बार्बेरियन मात्र फक्त पुरुष. शत्रूच्या अंगावर धावून जाणारा तो आणि लांबून वार करणारी ती. बार्बेरियन म्हणून बाई निवडायची मुभा मिळाली २०१२ च्या तिसऱ्या भागात. याला अपवादही होते. अटारीच्या १९८५ च्या ‘गाँटलेट’मध्ये चार पात्रांपैकी थायरा या व्हाल्किरीचं चिलखत सगळ्यांत भक्कम होतं.

राग कशाचा?

आता सगळ्यांत अवघड प्रश्नाकडे येऊ. पुरुष बार्बेरियनला राग का येतो, हे कोणी विचारत नाही. तो तसाच आहे, एवढं पुरतं. बाईला मात्र कारण द्यावं लागतं, आणि बराच काळ ते एकच होतं. १९७५ मध्ये रेड सोन्याची पूर्वकथा लिहिली गेली, तेव्हा तिच्या कुटुंबाची कत्तल होते, तिच्यावर बलात्कार होतो, मग एक देवी तिला बळ देते आणि अट घालते की लढाईत तुला हरवणाऱ्यावाचून कोणाला जवळ करायचं नाही. या कथेत सोन्याचा रागही तिचा नाही, बळही तिचं नाही. राग अत्याचाऱ्याने दिला, बळ देवीने दिलं आणि देहावरची सत्ता एका शपथेने काढून घेतली. २०१३ मध्ये लेखिका गेल सिमोन हिने ही पूर्वकथा बदलली. तिच्या सोन्याचं गाव लुटारू कापून काढतात, आणि ती पोरगी रानात शिकार करण्याचं आपलं कसब वापरून त्यांना एकेकाला गाठते. कोणी वर देत नाही.

‘पाथफाइंडर’ने २००९ च्या मूळ नियमपुस्तकात बार्बेरियन क्लासचा चेहरा म्हणून बाई निवडली, आमिरी. वेन रेनॉल्ड्सच्या चित्रात तिच्या हातातली तलवार तिच्याच उंचीशी बरोबरी करणारी आहे. तिची गोष्ट अशी: टोळीतल्या पुरुषांना तिचं शिकारीतलं वरचढपण खुपतं, आणि ती मरेल अशा बेताने ते तिला हिमराक्षसाच्या मागावर धाडतात. ती राक्षसाची तलवार घेऊन परत येते. कपट कळल्यावर तिचा संताप उसळतो आणि टोळी तिला कायमची परकी होते. ती तलवार माणसाच्या मापाची नाही, म्हणून नियमांनुसार ती चालवताना आमिरीच्या नेमातून २ वजा होतात. तरी आमिरी ती सोडत नाही. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. एका वजाबाकीत तिची सगळी जिद्द सामावली आहे, आणि दर फटक्याला खेळाडूला ती मोजावी लागते.

आमिरीचा राग देहावरच्या अत्याचारातून आलेला नाही, लायकी असून डावललं जाण्यातून आलेला आहे. जगातल्या कितीतरी बायकांचा राग याच जातीचा असतो. तरी तो पुरुषांनी केलेल्या अन्यायाला दिलेलं उत्तरच आहे. पुढचं पाऊल २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकावरच्या खेळातल्या कार्लाकने टाकलं.

कार्लाक टीफ्लिंग, म्हणजे नरकाशी रक्ताचं नातं असलेल्या शिंगवाल्या वंशातली आहे, उंच, दणकट, एक शिंग तुटलेली. विश्वासातल्या मालकाने तिला नरकातल्या सरदारणीला विकलं. तिथे हृदय काढून त्या जागी धगधगतं इंजिन बसवलं, आणि दहा वर्षं ती दुसऱ्यांच्या युद्धात लढली. सुटून आली, पण अंगाची धग इतकी की कोणाला स्पर्श करता येत नाही. इतकं सोसून ती कडवट झालेली नाही. ती खळखळून हसते, मित्रांवर जीव टाकते, मिठीसाठी आसुसलेली असते. लोहाराने इंजिन दुरुस्त केल्यावर पहिल्यांदा कोणाला तरी हात लावते, तो प्रसंग खेळाडूंच्या मनात घर करून राहिला. आणि ज्याने तिला विकलं तो मेल्यावर तिला समाधान मिळत नाही. सूड पुरा झाला तरी इंजिन तिला मारणारच आहे, हे तिला उमगतं, आणि ती आक्रोश करते. अभिनेत्री समँथा बेआर्त हिच्या आवाजातला तो संताप आता कोणा पुरुषावर नाही. आयुष्य हवंय आणि ते मिळणार नाही, यावर आहे. माणूस म्हणून येणारा राग बार्बेरियन बाईच्या तोंडी इतक्या पूर्णपणे मी तोवर ऐकला नव्हता.

पुण्याची राजी

मराठी वाचकाला जवळचं एक उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ आणला. तो काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग नाही, ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे, पण प्रश्न तोच आहे. राजी सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवतात, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधात निघते. तिच्या लढण्यामागे अत्याचार नाही, माया आहे, आणि अंगचं कसब तिचं स्वतःचं आहे. तरी बळ देवीकडूनच येतं.

इथे आपल्याकडची अडचण लख्ख दिसते. महिषासुरमर्दिनीचं रौद्र रूप आपण भक्तीने पुजतो, तिच्या हातातल्या शस्त्रांना हळदकुंकू वाहतो. घरातल्या बाईने आवाज चढवला की मात्र तिला शहाणपण शिकवतो. देवीचा कोप पवित्र आणि माणूस बाईचा राग आगाऊपणा, ही विभागणी जोवर मनात आहे, तोवर आपल्या खेळातल्या मुलीलाही लढण्याआधी देवीची परवानगी लागेल. भारतीय खेळ रचणाऱ्यांनी पुढची राजी परवानगीविना लढवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खेळ नियमांनी बांधलेला असतो, आणि नियम बदलता येतात हे १९८९ मध्ये सिद्ध झालं. चित्रंही बदलता येतात. तिसरी गोष्ट मात्र पुस्तकात छापून बदलत नाही. ती टेबलाभोवती, पात्र बनवताना ठरते. एखादी मुलगी ‘मी बार्बेरियन घेते’ म्हणाली, तर ‘तुझ्यावर काय अत्याचार झाला होता?’ हा पहिला प्रश्न नको. तिला काय आवडतं, कशासाठी ती जीव पणाला लावेल आणि काय गमावण्याच्या कल्पनेने ती पेटून उठेल, हे विचारायला हवं. कोननला हे सगळं न मागता मिळालं होतं. तिलाही तसंच मिळायला हवं.